यमुनेच्या जागी यमुना

नावांचे किस्से मी मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. फडताळाच्या तळाशी तुटकी बटणं आणि झाकण हरवलेल्या डब्या साठतात ना, तसे ते साठत गेले. फेकायला गेलं तर हात धजत नाही, आणि ठेवून उपयोग शून्य!

परवा शेजारी बारसं होतं. चार तरण्या मुली पाळण्याभोवती बसून नाव शोधत होत्या. एकीने मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळची नावं सांगा ना. काय फनी असायची!" मी सांगितली. ठकू, बयो, भागीरथी, गोदावरी. त्या इतक्या खिदळल्या की बाळ दचकून उठलं. "गोदावरी! हे तर आगगाडीचं नाव वाटतं!"

हसा बायांनो, हसा. तुम्हाला ती नुसती नावं वाटतात, मला त्यांचे वास येतात. ठकू म्हटलं की मशेरीचा वास. बयो म्हटलं की ओल्या सरपणाचा धूर आणि चुरचुरणारे डोळे. द्वारका नावाच्या जेवढ्या बाया पाहिल्या त्या सगळ्या उंच आणि भांडकुदळ. मथुरा हटकून गोरी असायची, काशी काळी, आणि सुभद्रा नावाच्या बाईला उभ्या जन्मात कुणी गरम पोळी वाढलेली मी पाहिली नाही. ही माझी समजूत झाली, शास्त्र नव्हे. पण यमुना हे नाव ऐकलं की माझं डोकंच फिरतं. का ते सांगते.

आम्ही पनवेलचेच. वडिलांना नद्यांचा भारी सोस. स्वतः गाढी नदीपलीकडे फारसे कधी गेले नाहीत, पण मोठीचं नाव गोदावरी ठेवलं आणि माझं नर्मदा. मी पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, लग्न केलं नाही, म्हणून माझं नाव शाबूत राहिलं. ताईचं लग्न झालं. गावातच, तांदूळबाजाराच्या मागच्या आळीत तिला दिली. मी रोज तिच्याकडे जायची, आधी शाळकरी पोर म्हणून आणि मग मास्तरीण म्हणून. त्या आळीतल्या बायकांच्या नावांचे हे किस्से. बरेचसे डोळ्यांदेखत घडलेले.

*

आळीच्या तोंडाशी नाना राहायचे. एका वकिलाकडे कारकून होते. नानांना कादंबऱ्यांचा नाद. मुंबईला गेले की बायकोला चोळीचा खण नाही आणायचे, पण स्वतःला दोन कादंबऱ्या हमखास! त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव ठकू. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. नानांनी एखाद्या नायिकेला शोभेलसं नाव लिहिलं, मनोरमा. ठकूवहिनींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ताटाला हळदकुंकू वाहिलं आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

महिन्याभराने नानांकडे त्यांचे वकील आले, घरी पहिल्यांदाच. नानांनी ओटीवरून ऐटीत हाक मारली, "मनोरमा, चहा आण!" आतून चिडीचूप. "मनोरमा! अगं मनोरमा!" काही नाही.

मी ताईकडे वाल सोलत बसले होते. मागच्या दाराने ठकूवहिनी आल्या, कपाळाला आठ्या. "अहो वहिनी, ही मनोरमा कोण हो आळीत? हे कधीपासून हाका मारताहेत तिला. भवानी येत कशी नाही? तिकडे पाहुणा चहाला खोळंबलाय!"

आम्ही हसून हसून लोळलो. संध्याकाळी नानांनी बायकोला काय ऐकवायचं ते ऐकवलं असणार. त्यानंतर पाहुण्यांसमोर त्यांनी नाव घ्यायचंच सोडलं, टाळी वाजवायला लागले. ताई म्हणाली, "काय हो हे, कुत्र्यामांजरासारखी टाळी?"

ठकूवहिनी म्हणाल्या, "टाळी बरी बाई. ती मलाच आहे एवढं तरी नक्की कळतं."

*

पलीकडे चार भावांचं मोठं घर होतं. धाकट्याची बायको आली, पंधरा वर्षांची, माहेरचं नाव राधा. आणि सासूचंही नाव राधा! आता आली का पंचाईत? "राधे, भांडी घास" म्हटलं तर सासूलाच एकेरीत हुकूम सोडल्यासारखं. म्हणून तांदळात लक्ष्मी लिहिलं.

आठ दिवसांत पेणहून आत्याबाई आल्या. त्यांचं नाव लक्ष्मी. आल्या आल्या रुसून बसल्या. "माझ्या नावाची मोलकरीण केलीत का?" मग लक्ष्मीची रुक्मिणी केली. ते नाव ऐकून ओसरीवरचे म्हातारे आजेसासरे हातातली काठी आपटायला लागले. त्यांची बहीण रुक्मिणी विहिरीत पडून गेली होती. ते नाव घरात नको म्हणजे नको!

ती पोर माझ्याहून थोडीशीच मोठी. सागरगोटे खेळता खेळता मला म्हणाली, "नमू, मी आता कोण गं?" थट्टेने नव्हे, खरंच विचारलं.

सासू म्हणाली, "तूर्तास नुसतं 'अगं' म्हणा. श्रावणात सवडीने बघू." कसला श्रावण आणि कसली सवड! अगं, पाणी तापव. अगं, गुरांना घाल. ती अगंच राहिली. पुढे तिच्याच मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिकेत आईचं नाव काय छापायचं यावर चारही भाऊ दोन दिवस खल करत बसले होते!

*

आता ताईचं.

भावोजी बिजवर. मामलेदार कचेरीत नोकरी, स्वतःचं घर, माणूस शांत. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तिचं नाव यमुना. ताई सतरा वर्षांची. वडिलांनी स्थळ सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बिजवर तर बिजवर. पण माझं नाव बदलू नका म्हणावं. तेवढं एक बोला माझ्यासाठी."

वडील बोलणी करून आले. ताई दारातच उभी. "बोललात?" वडील जोडे काढत म्हणाले, "बोललो. मुलाच्या आई बघू म्हणाल्या." ताईला तेवढंही पुरलं. आठ दिवस गाणी म्हणत घरात वावरत होती वेडी!

लग्नात भावोजींनी अंगठी धरली आणि तांदळात लिहिलं, यमुना. त्यांच्या आईने कानात सांगितलं, त्यांनी लिहिलं. लिहिण्याआधी ते जरा थांबले असं माझी आई म्हणायची. थांबले तर थांबले, लिहिलं ना?

आईने धीर करून विहीणबाईंना विचारलं. त्या आईला माजघरात घेऊन गेल्या. तिथे फळीवर घंगाळ, पातेली, परात, तांबे, सगळं पितळेचं लखलखीत. आणि प्रत्येकावर ठोकून घातलेलं, सौ. यमुना. "पहिलीच्या वेळी हौसेने सगळ्यांवर नावं घालून घेतली हो, विहीणबाई. आता एवढी भांडी खरवडत बसायची का? त्यापेक्षा मुलीचं नाव बदलणं सोपं!"

आमची आई घरी आली, पाय धुतले. मग म्हणाली, "भांडी मात्र जड आहेत हो."

ताई रडली नाही. मांडवपरतणीला आली तेव्हा मला एकटीला म्हणाली, "नमू, मेलेल्या बाईचं लुगडं दिलं असतं तर नेसले असते गं. लुगडं धुता तरी येतं." आणि मग म्हणाली, "त्या घरात मला कुणीतरी गोदावरी म्हणून हाक मारायला हवी. एकदा तरी. त्याशिवाय मला मरण नको."

सतरा वर्षांच्या मुलीचं मागणं हे! पाटल्या नाहीत, गोठ नाहीत. आणि मी तरी काय करणार? मी धाकटी. मला ताईच म्हणायला हवं. थोरल्या बहिणीला नावाने हाक मारली असती तर आईने थोबाड फोडलं असतं.

भावोजींची तर वेगळीच तऱ्हा. त्यांनी तिला नावाने हाक कधी मारलीच नाही. यमुना म्हणवेना, आणि गोदावरी म्हणायला आईची भीती. त्यांचं आपलं "ऐकलं का". बस्स. पुढे मुलगी झाली, तिला ती आई. मला ताई. आळीला यमुनावहिनी. सासूला यमुने, आणि तेही घराच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

*

रोडपालीची बायजा आळीत भाजीची पाटी घेऊन यायची. वांगी, वाल, पावसाळ्यात शेवळं. एकदा कडेवर दोनेक वर्षांचं पोर घेऊन आली, नाकात मुरणी घातलेलं. ताईने विचारलं, "काय गं नाव हिचं?"

"चिमी. पन पोरगी नाय वो बाय, पोऱ्या हाय! आदी दोन पोऱ्ये ग्येले माजे. मून याचं नाक टोचलं न् नाव पोरीचं ठेवलं. यमाला वाटंल, पोरगीच हाय. तो कशाला न्येल?" सांगताना तिला स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक!

तिचा पदर धरून पाच वर्षांची एक मुलगी उभी होती. नाकात शेंबूड, डोळे टपोरे. ताई म्हणाली, "आणि हिला गं? हिला यमाने ओळखलं तर?"

बायजा हसली. "हिला? हिला काय व्हतंय! पोरी मरतान कदी?"

त्या वर्षी गोवराची साथ आली. पोऱ्याला पण निघाला, बरा झाला. मुलगी गेली. पुढच्या खेपेला बायजा आली, पाटी खाली ठेवली आणि वांगी उगाच एकावर एक रचत बसली. मग म्हणाली, "यम लय हुशार हाय बाय. बरोबर वलखलान."

ताईने तिला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, वांगी घेतली. ती आळीच्या बाहेर गेल्यावर ताई मला म्हणाली, "हुशार कसला मेला! आईनेच बोट दाखवलंन, तिकडे गेला."

मला तेव्हा ताईचं बोलणं फार कठोर वाटलं होतं. आज नाही वाटत.

*

बुधी नावाची कातकरीण मोळी विकायला यायची. त्यांच्यात वारावरून नावं ठेवायची पद्धत, बुधवारची ती बुधी, सोमवारची सोमी. पावसाळा सरला की ती तळोज्याच्या अंगाला वीटभट्टीवर कामाला जायची. तिथला मुकादम सगळ्याच बायांना "ए सोमे" म्हणायचा. कोण कुठल्या वारची हे कोण बघत बसतो? ए सोमे, विटा उचल. ए सोमे, तुझ्या आईला... वगैरे.

ताईने मोळी उतरवून घेता घेता विचारलं, "आणि तू ऐकून घेतेस? राग नाही येत?"

बुधी दात काढून म्हणाली, "कशाला येल? तो श्या देतो त्या सोमीला लागतान. मी तं बुधी हाय!"

ताई हसता हसता मटकन खालीच बसली. इतकी हसलेली मी तिला लग्नानंतर पाहिली नव्हती. डोळे पुसले, आणि बुधीला मोळीच्या पैशांबरोबर वर शेरभर तांदूळ दिले, सासूच्या चोरून.

तेव्हापासून तिने तेच औषध धरलं. सासू आतून ओरडायची, "यमुने, हात मोडले का तुझे?" की ताई माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची. "बघ, यमुनेचे मोडले!" सासू म्हणायची, "यमुनेला कुणी वळणच लावलं नाही." ताई पुटपुटायची, "नसेल लावलं, आपल्याला काय करायचंय?" कितीतरी वर्षं तिने त्या एका वाक्यावर काढली. लोक म्हणायचे, काय सोशिक बाई आहे! सोशिक कसली, ती तिथे नव्हतीच.

एकदा मात्र सासूने चुलीवरचं तापलेलं उलथनं फेकून मारलं. मारलं यमुनेला, पण डाग गोदावरीच्या हातावर उठला. त्या दिवशी ताईने डोळा मिचकावला नाही.

*

ताईच्या परसाला कमरेएवढी भिंत होती. भिंतीपलीकडे एक बेने इस्रायली कुटुंब राहायचं. नवरा टपाल कचेरीत, बायको शेगुलाबाई. बोलणं चालणं आपल्यासारखंच मराठी, लुगडं, हातभर बांगड्या. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही, एवढाच काय तो फरक. पण शेगुला हे नाव आळीला म्हणे जड जायचं. म्हणून आळीने परस्पर तिचं सगुणा केलं. ती पहिली काही वर्षं सांगत राहिली, "अहो, माझं नाव शेगुला." त्यावर समोरच्या द्वारकाकाकू म्हणायच्या, "असू द्या हो सगुणाबाई, भावना पोचली ना?"

या दोघींनी भिंतीआड गुपचूप करार केला होता. धुणं वाळत घालताना ताई म्हणायची, "काय शेगुला, झाला का स्वयंपाक?" आणि पलीकडून यायचं, "झाला गं गोदावरी." दिवसातून एकदाच, तेही हळू. पण ताईचा चेहरा तेवढ्यापुरता उजळायचा. मला वाटायचं, घरात नाही तर नाही, निदान परसात तरी हाक मिळाली बाईला.

मग त्या लोकांचं इस्रायलला जायचं ठरलं. एकेक घर निघतच होतं. शेगुलाबाईंनी जाऊ नये म्हणून ताईने नवस बोलला, पण आपले देव त्यांचं बिऱ्हाड कुठे अडवणार? त्यांना एसटीत बसवून द्यायला सगळी आळी स्टँडवर गेली. बायकांनी लाडू बांधून दिले, डोळ्यांना पदर लावले. "सगुणाबाई, आम्हाला विसरू नका हं!"

शेगुलाबाईंनी एकेकीकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी तुम्हाला सगळ्यांना नावानिशी आठवीन. तुम्ही मात्र जिला आठवाल ना, ती मी नव्हेच."

मग ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्या पायरीवर चढल्या आणि पहिल्यांदाच मोठ्याने, चारचौघांत म्हणाल्या, "येते गं, गोदावरी!"

गाडी गेली. द्वारकाकाकू इकडे तिकडे बघत मला विचारतात, "गोदावरी कोण गं? आली होती का इथे?"

ताई तिथेच उभी होती, काकूंच्या शेजारी. आई-वडील तोवर गेले होते. गोदावरी म्हणणारं पनवेलमध्ये आता कुणीही उरलं नाही.

*

पितृपक्षात नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध करतात. त्याला म्हणायचं अविधवा नवमी. सवतीच्या श्राद्धाचा स्वयंपाक दरवर्षी ताईच करायची. वड्यांपासून खिरीपर्यंत सगळं, आणि तेही उत्तम. एका वर्षी नेहमीचे भटजी आजारी पडले, त्यांनी आपला पुतण्या पाठवला. विशीतला पोरगा. घरची काही माहिती नाही.

त्याने भावोजींना विचारलं, "गेलेल्या बाईंचं नाव?"

"यमुना," भावोजी म्हणाले.

पोराने खणखणीत मंत्र म्हटले, नाव घेतलं, सगळं यथासांग. संपत आलं तशी सासू आत तोंड करून ओरडली, "यमुने! अगं यमुने, पाणी घेऊन बाहेर ये!"

भटजीची मान वर झाली. आतून ताई आली, चुलीच्या धुराने डोळे लाल, केस सुटलेले, हातात तांब्या. पोरगा ताडकन पाटावरून उठून उभा! "या... या कोण?"

"कोण म्हणजे? यमुना," सासू म्हणाली.

"अहो मग मी इतका वेळ श्राद्ध कुणाचं करतोय?"

ताईने तांब्या ठेवला. "करा, करा, भटजी. कुठल्याही यमुनेला पोचलं तरी घरातच राहील."

मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबून मी परसात पळाले. परत आले तर सासू फणफणत होती, भटजी दक्षिणा न मोजता जोडे शोधत होता, आणि भावोजी खाली मान घालून पत्रावळीकडे बघत बसले होते. हा माणूस वाईट नव्हता हो. नुसता मुका होता. त्याचा मला जास्त राग येतो.

*

सासूबाई पिकल्या पानासारख्या गेल्या, झोपेत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ताईने भावोजींना सरळ विचारलं. मी तिथेच होते, मुद्दाम थांबवून घेतलं होतं मला तिने. म्हणाली, "आता आई नाहीत. आता कुणाची भीती नाही. माझं नाव गोदावरी. आता तरी मला माझ्या नावाने हाक मारा."

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मुलीचं लग्न झालं आपल्या. आता या वयात नाव बदललं तर लोक काय म्हणतील?"

ताई म्हणाली, "बरं." आणि आत जाऊन भात लावला.

मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्याशी धड बोलले नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

*

दोन वर्षांनी भावोजींना अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला, आणि डोक्यातली मधली सगळी वर्षंच पुसली गेली. त्यांना वाटायचं आपण तरुण आहोत आणि पहिली बायको घरात आहे. ताईला बघितलं की "यमे, यमे" करायचे. जन्मात हाक न मारलेला माणूस, आता दिवसभर यमे! बघायला येणाऱ्या बाया पदराने डोळे टिपायच्या. "बघा यमुनावहिनी, शेवटी तुमच्यावरच जीव हो त्यांचा!" ताई अंथरूण बदलायची, धुणं धुवायची, पेज भरवायची.

एका रविवारी दुपारी मी गेले तर ती पलंगाच्या कडेला बसून पेजच भरवत होती. दोन चमचे झाले आणि भावोजींनी तोंड फिरवलं.

"यमे, ती दुसरी कुठे गेली गं?"

"कोण दुसरी?" ताई म्हणाली.

"ती गं. तू नव्हतीस तेव्हा आईने आणलेली. सगळं तीच करायची घरातलं." बोलताना शब्द अडखळत होते, पण कळत होते. "मला पाणी हवंय. तिला हाक मार."

"तुम्हीच मारा."

भावोजींनी आढ्याकडे पाहिलं. खूप आठवायला लागले. डोळ्यांच्या कडांना पाणी जमलं. "नावच आठवत नाही गं तिचं. काय नाव?"

ताईने वाटी खाली ठेवली. पदराच्या टोकाने त्यांची हनुवटी पुसली. "गोदावरी," ती म्हणाली. "गोदावरी नाव तिचं. मारा हाक, येईल ती."

ती उठली, स्वयंपाकघरात आली, तांब्या भरला आणि दाराआड भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या शेजारी.

बाहेरून हाक आली. वाकड्या तोंडाची, बोबडी, पण स्पष्ट. "गोदावरी!"

ताई हलली नाही.

"गोदावरी!" या वेळी जरा मोठ्याने.

मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, अगं जा ना. पाणी मागताहेत ते."

तिने तांब्या छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने मला गप्प केलं.

"थांब गं," ती म्हणाली, "अजून एकदा मारू दे."